करारावर नावं दोघींची, राहतात तिघी आणि चौथीला सोसायटीचा नकार

प्रश्न थोडक्यात असा आहे. वारज्यात टू बीएचके, भाडं ३० हजार, डिपॉझिट ९० हजार. राहतात तिघी, पण नोंदणी केलेल्या लिव्ह अँड लायसन्स करारावर नावं दोघींचीच. तिसरी मागाहून आली, मालकांना तोंडी सांगून. करारावरच्या दोघींपैकी एक सातव्या महिन्यात बेंगळुरूला गेली आणि ‘माझ्या डिपॉझिटमधून वळते करून घ्या’ असा मेसेज टाकून मोकळी झाली. मालक आता पूर्ण ३० हजार प्रश्न विचारणाऱ्या ताईंकडे मागतात. गेलेलीच्या जागी एक मैत्रीण यायला तयार आहे, पण तिचं आडनाव ऐकल्यावर सोसायटीच्या सेक्रेटरींनी मालकांना कळवलं, ‘असे भाडेकरू आमच्याकडे चालत नाहीत.’ ताईंचं म्हणणं, गेलेलीचं भाडं मी का भरायचं? आणि हा भेदभाव बेकायदा नाही का?

मी पुण्यात वकिली करते. भाडेकरार आणि सोसायट्यांची भांडणं हे माझं रोजचं काम आहे. ताईंचे दोन प्रश्न वेगळे वाटतात, पण दोन्हींची गाठ एकाच जागी आहे, ती म्हणजे नोंदवलेल्या करारावर नाव कोणाचं आहे. दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसाला आपला कायदा फार थोडं देतो. करारावर नाव चढलं की बरंच देतो, पण मग जबाबदारीही पुरती गळ्यात घालतो.

आधी पैशांचं बघू.

तुम्ही दोघींनी सही केली ती ‘महिना ३० हजार देऊ’ अशा एका आकड्याखाली. ‘मी १० देईन, ती १० देईल’ असं कुठे लिहिलेलं नाही. अशा वेळी भारतीय करार कायद्याचं (१८७२) कलम ४३ लागतं. एकत्र वचन देणाऱ्यांपैकी कोणाही एकाकडून पूर्ण रक्कम मागायचा हक्क समोरच्याला असतो, करारात वेगळं ठरलेलं नसेल तर. म्हणजे मालक चुकीचं काही मागत नाहीत. त्यांनी उद्या गेलेलीला ‘जा बाई’ म्हणून सोडून दिलं, तरी कलम ४४ प्रमाणे तुमची सुटका होत नाही.

पण त्याच कलम ४३ मध्ये पुढचा भाग आहे, जो फारसा कोणी वाचत नाही. जिने जास्त भरलं ती दुसरीकडून तिचा वाटा वसूल करू शकते. आणि आपसात काही ठरलं नसेल तर वाटे समान. इथे एक गंमत होते. कागदावर तुम्ही दोघीच, म्हणून कागदाप्रमाणे तीसचे दोन वाटे, १५-१५ हजार. तिसरी त्या हिशोबात नाहीच. प्रत्यक्षात तुम्ही तिघी १०-१० भरत होतात, ते व्हॉट्सअ‍ॅपवर आणि यूपीआयच्या नोंदींमध्ये दिसतं, त्यामुळे गेलेलीकडे महिना १० हजार मागणं हे सरळ आणि सिद्ध करता येण्याजोगं आहे. उरलेले चार महिने तुम्ही तिचा वाटा भरलात तर आकडा ४० हजार होतो. मुदतीच्या कायद्याने तीन वर्षं हातात आहेत. पण खरं सांगायचं तर ४० हजारांसाठी बेंगळुरूच्या माणसावर पुण्यात दावा लावणं म्हणजे वकिलाची सोय. आधी साधा मेसेज, मग वकिलाची नोटीस. बहुतेक माणसं नोटिशीला वळतात, कारण तोवर प्रकरण घरी कळलेलं असतं.

‘डिपॉझिटमधून वळते करा’ याला मात्र लगेच आणि लेखी नकार द्या. ९० हजार ही मालकांकडे सगळ्या घराची तारण म्हणून ठेवलेली रक्कम आहे. तीन महिने त्यातून १०-१० कापले की शेवटी ६० उरतात. मग घर सोडताना पेंटिंग, फुटलेली टाइल, महावितरणचं शेवटचं बिल हे सगळं त्या ६० मधून, म्हणजे तुमच्या आणि तिसरीच्या पैशांतून जाणार. एकटीच्या सांगण्यावरून मालकांनी सामाईक डिपॉझिट मोडू नये, असं त्यांना आजच कळवा.

हे सगळं बदलू शकतं अशा दोन गोष्टी आहेत. एक, लॉक-इन, म्हणजे ज्या मुदतीत करार मोडून निघता येत नाही ती. तुमच्या करारात सहा महिन्यांचं लॉक-इन असेल तर ते संपलं, आणि एक महिन्याच्या नोटिशीवर तुम्हालाही निघता येईल. अकरा महिन्यांचंच लॉक-इन लिहिलं असेल तर गोष्ट वेगळी. दुसरी, नोटीस दोघींनी मिळून द्यायची की एकीने दिलेली चालते, हे करारातल्या शब्दांवर आहे. ऑनलाइन नोंदणीच्या ठरावीक मसुद्यात ‘लायसन्सी’ (घर वापरायला घेणारे) असं एकत्रच लिहिलेलं असतं. तसं असेल तर तिने टाकलेला मेसेज ही करार संपवल्याची नोटीस नाही, ती कागदावर अजून तुमच्याबरोबर राहते आहे.

आता तिसरी. तिची स्थिती सगळ्यात पातळ आहे आणि तिला बहुधा माहीतही नाही. मालकांच्या लेखी ती पाहुणी. तिच्याकडून ते भाडं मागू शकत नाहीत, आणि तिला ‘उद्या निघा’ म्हणाले तर तिच्याकडे दाखवायला कागद नाही. त्यात तुमच्या करारात ‘लायसन्सीने अन्य कोणास ठेवू नये’ असं कलम असणारच, ते प्रत्येक मसुद्यात असतं, म्हणजे तिला ठेवण्याचा ठपका तुमच्यावर. बचाव एकच, की मालकांना माहीत होतं. तिने भाडं थेट मालकांच्या खात्यावर भरलं असेल तर ती नोंद जपून ठेवा.

मालकही इथे निर्धास्त नाहीत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९, कलम ५५ सांगतं की लिव्ह अँड लायसन्स असो वा भाडेपट्टा, करार लेखी हवा, नोंदवलेला हवा, आणि तो नोंदवायची जबाबदारी घरमालकाची. ‘अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही’ हे आपल्या राज्यात खरं नाही, एजंट कितीही शपथेवर सांगोत. नोंदवला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि करार नसेल तिथे अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं खरं मानलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. तिसरीचं नाव करारावर आणून घेताना हे कलम मालकांना सौम्य शब्दांत आठवून द्यावं. धमकीसारखं वापरलंत तर पुढच्या वर्षी ते घर तुम्हाला मिळणार नाही एवढंच होईल.

आता सेक्रेटरींकडे येऊ.

तुम्ही मैत्रिणीचं आडनाव लिहिलेलं नाही आणि कायद्याचं उत्तर तिथेच बदलतं. हे मला स्वतःला पटत नाही, पण आज तसंच आहे. नकार नेमका कशावरून आला यावर तुमच्या हातात काय येतं ते ठरतं.

नकार जातीवरून असेल आणि मैत्रीण अनुसूचित जातीची असेल, तर कायदा स्पष्ट आहे. नागरी हक्क संरक्षण अधिनियम १९५५, कलम ४, अस्पृश्यतेच्या कारणावरून एखाद्याला कोणत्याही वस्तीत राहायची जागा घेण्यास किंवा तिथे राहण्यास आडकाठी करणं हा गुन्हा. शिक्षा एक ते सहा महिने कैद आणि दंड. त्याहून महत्त्वाचं कलम १२. असं कृत्य अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत घडलं की ते अस्पृश्यतेच्याच कारणावरून घडलं असं न्यायालय गृहीत धरतं. ‘आमचं कारण वेगळं होतं’ हे सिद्ध करण्याचं ओझं नकार देणाऱ्यावर. हा जुना कायदा पोलीस ठाण्यातही विस्मरणात गेला आहे, म्हणून तक्रारीत कलम लिहूनच जा. शिवाय १९९० पासून बौद्ध धर्म स्वीकारलेल्यांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे, त्यामुळे ‘पण ते तर बौद्ध आहेत ना’ हा युक्तिवाद ऐकू आला तर गडबडू नका.

अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचं नाव सगळे आधी घेतात. तो वापरता येतो, पण जातिवाचक अपमानाचं कलम लागायला तो प्रकार लोकांसमक्ष घडलेला लागतो. सेक्रेटरी आणि मालक यांच्यातल्या खासगी फोनवर ते बसवणं अवघड. २०१५ च्या दुरुस्तीने सामाजिक आणि आर्थिक बहिष्कारही त्यात आला. घर नाकारणं त्यात बसतं का, हे पुराव्यावर आणि वकिलाच्या कष्टावर ठरतं. प्रत्येक जिल्ह्यात पोलिसांची नागरी हक्क संरक्षणाची शाखा असते, तिथे गेलं तर निदान समोरच्याला कायद्याचं नाव माहीत असतं.

मैत्रीण ट्रान्सजेंडर असेल तर २०१९ च्या कायद्यात घर भाड्याने घेण्याबाबत भेदभावाला थेट मनाई आहे, आणि राहत्या घरातून हुसकावून लावलं तर सहा महिने ते दोन वर्षं शिक्षा. एचआयव्ही असलेल्या व्यक्तीला २०१७ च्या कायद्याने घराबाबत असंच संरक्षण दिलं आहे.

आणि नकार धर्मावरून असेल, किंवा ‘मुली एकट्या राहतात’, ‘नॉनव्हेज करतात’, ‘परप्रांतीय’, ‘मराठी’ अशा कारणावरून? तर खासगी मालकाने भाड्याने घर न देणं याला थेट अडवणारा कायदा महाराष्ट्रात नाही. घटनेच्या कलम १५ चा हवाला सगळे देतात. पण १५(१) सरकारला बांधतं, आणि १५(२) मध्ये दुकानं, उपाहारगृहं, करमणुकीची ठिकाणं, विहिरी, तलाव आहेत. भाड्याचं घर त्यात नाही. २०२१ साली केंद्राने आदर्श भाडेकरू कायदा मंजूर केला, तो राज्यांनी स्वीकारला तरच लागू होतो, आणि भेदभावाबद्दल त्यातही अवाक्षर नाही. २००५ मध्ये अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व पारशांपुरतं ठेवणारा उपविधी (संस्थेचा अंतर्गत नियम, बाय-लॉ) वैध ठरवला. सप्टेंबर २०२३ मध्ये मुलुंडला एका मराठी महिलेला कार्यालयासाठी जागा नाकारल्याचा व्हिडिओ फिरला, खूप गदारोळ झाला. गुन्हाही दाखल झाला, पण तो अडवणूक आणि धमकीच्या कलमांखाली. जागा नाकारणं हा गुन्हा म्हणून नोंदवायला कलमच नव्हतं.

मग गप्प बसायचं? नाही. कारण तुमच्या गोष्टीत नकार मालकांनी दिलेला नाही, सोसायटीने दिला आहे. मालकांची हरकत नसेल तर सगळं चित्र बदलतं.

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या २०१४ च्या आदर्श उपविधींप्रमाणे फ्लॅट लिव्ह अँड लायसन्सवर देताना सभासदाने सोसायटीला आठ दिवस आधी कळवायचं असतं, कराराची प्रत आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत जोडायची असते. कळवायचं. परवानगी मागायची नसते. एनओसीची, म्हणजे ना हरकत पत्राची, जी पद्धत सेक्रेटरी लोक चालवतात ती जुन्या उपविधींमधून उरलेली सवय आहे. तुमच्या सोसायटीने अजून जुनेच उपविधी ठेवले असतील तर तपासावं लागेल. पण बहुतेक ठिकाणी ‘चालत नाही’ म्हणणाऱ्या सेक्रेटरींना कोणत्या उपविधीखाली चालत नाही हे विचारलं की उत्तर येत नाही. ‘सर्वसाधारण सभेत ठराव झालाय’ असं उत्तर आलंच, तर ठरावाची प्रत मागा. उपविधींच्या विरोधातला ठराव सभेने हात वर करून केला म्हणून वैध होत नाही.

हे विचारायचं मालकांनी, तुम्ही नाही. तुम्ही सभासद नाही, तुमच्या पत्राला सोसायटी उत्तर द्यायला बांधील नाही. उपनिबंधकांकडे, म्हणजे सोसायट्यांवर देखरेख करणाऱ्या सहकार खात्याच्या अधिकाऱ्यांकडे, तक्रारही सभासद म्हणून मालकांनीच केलेली बरी. मालकांना पाठवायचा मसुदा मी लोकांना साधारण असा देते:

‘मा. सेक्रेटरी, माझा फ्लॅट क्र. अमुक मी नोंदणीकृत करारावर पुढील व्यक्तींना देत आहे. उपविधींनुसार ही पूर्वसूचना. कराराची व पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत सोबत जोडली आहे. आपली काही हरकत असल्यास ती कोणत्या उपविधीनुसार आहे व तिचे कारण काय, हे आठ दिवसांत लेखी कळवावे.’

या शेवटच्या वाक्यात सगळा जीव आहे. तोंडी ‘आडनाव’ म्हणणारा माणूस कागदावर ते लिहीत नाही. लिहिलंच, तर वर सांगितलेल्या कायद्यांखाली तुमचा पुरावा तयार. एका सोसायटीने भाडेकरूंसाठी छापलेल्या फॉर्ममध्ये धर्म आणि ‘व्हेज/नॉनव्हेज’ असे रकाने होते. आम्ही ते रिकामे ठेवून, बाकी फॉर्म भरून, असंच पत्र जोडून दिलं. लेखी उत्तर आलं नाही, मुलं राहायला गेली, आणि रकान्यांबद्दल पुन्हा कोणी विचारलं नाही. दरवेळी एवढं सोपं होतं असं नाही. मालकच कचरले तर मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही.

मालकांना कचरू द्यायचं नसेल तर त्यांच्या खिशाची भाषा बोला. फ्लॅट रिकामा राहिला तर नुकसान त्यांचं. फ्लॅट भाड्याने दिला म्हणून सोसायटी जास्तीत जास्त बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नाही म्हणून घेतलं जाणारं, नॉन-ऑक्युपन्सी चार्ज) घेऊ शकते, आणि १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाने त्याला सेवाशुल्काच्या १० टक्क्यांची मर्यादा आहे. ‘अशा भाडेकरूंना’ जादा शुल्क असं काही नसतं. कुणी मागितलं तर ते उपनिबंधकांपुढे टिकत नाही.

करारावर नाव चढल्यावर मैत्रिणीची बाजू एकदम वेगळी होते. मग गेटवर अडवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२६ खाली गुन्हा आहे. करारात नसलेली ‘नॉनव्हेज नको’ ही अट मधेच लादता येत नाही (करारात असेल तर मात्र ती तुम्ही मान्य केलेली अट आहे, सही करण्याआधी वाचा). मुदतीच्या आत, तुमची चूक नसताना, बाहेर काढलं तर सुविधाधिकार कायद्याच्या (१८८२) कलम ६४ खाली भरपाई मागता येते.

एक गोष्ट सेक्रेटरी हमखास मिसळतात, तुम्ही मिसळू देऊ नका. रात्री दहानंतरचा आवाज, ओला-सुका कचरा एकाच डब्यात, दुसऱ्याच्या पार्किंगमध्ये लावलेली स्कूटर या वागणुकीच्या तक्रारी आहेत, आणि त्या खऱ्या असतील तर सोसायटीचं बरोबर आहे. तुम्ही तिघींनी यात एकमेकींसाठी जबाबदार असायला हवं, कारण नोटीस फ्लॅटला येते, व्यक्तीला नाही. आधीच्या अशा दोन तक्रारी पडून असतील तर ओळखीवरून दिलेल्या नकाराला त्यांचं पांघरूण मिळतं.

प्रत्यक्ष करायचं ते असं. जुना करार रद्द करून तिघींच्या नावाने नवा नोंदवा, गेलेलीची रद्दलेखावर (जुना करार संपवल्याच्या कागदावर) सही घ्या. सहीसाठी ती आढेवेढे घेईल तेव्हा ‘नाहीतर उरलेलं भाडंही तुझ्याकडे मागावं लागेल’ हे तिला समजतं. खर्चाचा बाऊ नको. ३० हजारांप्रमाणे ११ महिन्यांचे ३ लाख ३० हजार, त्यात डिपॉझिटवर दरसाल १० टक्क्यांनी धरलेले सव्वाआठ हजार, यावर पाव टक्का मुद्रांक, म्हणजे साडेआठशेच्या आसपास. महापालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार. एजंट अंगठ्याचे ठसे घ्यायला घरी येईल त्याची फी वेगळी. तिघींत वाटलंत तर एका जेवणाच्या बिलाइतकं.

त्याच दिवशी आपसातला एक साधा कागद करा, त्याला नोंदणी लागत नाही. डिपॉझिटमध्ये कोणाचे किती, मधेच जाणारीने किती दिवस आधी सांगायचं, बदली मिळेपर्यंत वाटा तिचाच, आणि नवी येणारी डिपॉझिटचा वाटा जाणारीला परस्पर देईल. वीज मीटरचा फोटो, भिंतींचे आणि बाथरूमचे फोटो त्याच ग्रुपवर टाका, म्हणजे तारीख आपोआप पडते.

आणि नव्या करारात एक ओळ घालून घ्या, की डिपॉझिट परत करताना मालक कोणाच्या खात्यावर किती जमा करतील. मुदत संपल्यावर मात्र तिघींनी एकाच दिवशी बाहेर पडा. मुदतीनंतर एकजण जरी आत राहिली तरी भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ प्रमाणे मालक घर मोकळं होईपर्यंत दुप्पट भाडं मागू शकतात, आणि वर सांगितलेल्या कलम ४३ मुळे ते कोणा एकीकडेही मागू शकतात.

लॉक-इन आणि नोटीस ही दोन कलमं करारात जशी आहेत तशी शब्दशः लिहून पाठवलीत तर ‘आता निघावं की नवा करार करावा’ हे नेमकं सांगता येईल.